जो, तो आणि इंग्रजीतला ‘हू’

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपल्याला कुणी शाळेत शिकवलेली नसते. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’, ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, ‘पेरावे तसे उगवते’ या साऱ्या म्हणी आजी-आजोबांच्या तोंडून कानावर पडतात, आणि चार-पाच वर्षांचे पोर अंगणात खेळ मांडताना ‘जो आधी शिवेल तो राजा’ असा कायदा आपला आपणच करून टाकते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर त्या पोराने एक संबंधी सर्वनाम, त्याच्या जोडीचे दर्शक सर्वनाम, एक गौण वाक्य आणि एक प्रधान वाक्य इतका सरंजाम वापरलेला असतो, आणि तोही बिनचूक. तेच पोर दहा वर्षांनी इंग्रजीच्या पेपरात ‘द बॉय हू टचेस फर्स्ट, ही इज द किंग’ असे लिहिते. गुरुजी त्यातल्या ‘ही’वर तांबडी काट मारतात आणि अर्धा गुण कापतात. काट बरोबरच असते. परंतु ती का बसली, हे त्या मुलाला सहसा कुणी सांगत नाही. आणि जे ज्ञान तो घरून घेऊन आला होता, ते ज्ञानच त्याला नडले, हेही कुणी सांगत नाही.

इंग्रजीतील संबंधी वाक्यांचे प्रकरण आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत ज्या रीतीने मांडले जाते, त्या रीतीविषयी ही तक्रार आहे. माणसांसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘व्हिच’, दोहोंसाठी ‘दॅट’, मालकीसाठी ‘हूज’: एवढी यादी पाठ झाली की प्रकरण संपते. ही यादी खोटी नाही. पण ती दाराच्या कडीसारखी आहे. कडी कशी काढायची ते कळले, म्हणजे घरात काय आहे ते कळले असे होत नाही. संबंधी वाक्याचे खरे काम काय, ते अनेकांतून एक निवडते की आधीच ठरलेल्या एकाविषयी आणखी काही सांगते, हा प्रश्न या पुस्तकांत शेवटच्या ओळीत, स्वल्पविरामाच्या नियमाखाली दडपलेला असतो. आणि तोच तर गाभा आहे!

हा प्रश्न केवळ परीक्षेतल्या अर्ध्या गुणाचा असता, तर दिवाळीच्या दिवसांत फराळाचे ताट बाजूला सारून त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्याच ठाणे जिल्ह्यात एक आख्खे शहर असे आहे, की जिथल्या हजारो कुटुंबांचे हक्क एकेकाळी इंग्रजीतल्या दोन ‘हू’वर अवलंबून होते. ते शहर म्हणजे उल्हासनगर. त्याच्याकडे वळण्यापूर्वी आपल्या ‘जो’ची आणि त्यांच्या ‘हू’ची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

*

मराठीत प्रश्नाचे घराणे ‘क’चे, संबंधाचे घराणे ‘ज’चे आणि निर्देशाचे घराणे ‘त’चे. केव्हा, जेव्हा, तेव्हा. कुठे, जिथे, तिथे. कसा, जसा, तसा. किती, जितका, तितका. आणि कोण, जो, तो. संस्कृतातल्या कः, यः, सः या त्रिकुटापासून चालत आलेली ही व्यवस्था इतकी नेटकी आहे, की शब्दाचे पहिले अक्षर ऐकताच तो विचारतो आहे, जोडतो आहे की दाखवतो आहे, हे कळते.

इंग्रजीत यातली दोन घराणी एका छपराखाली राहतात. ‘हू’ हाच प्रश्नही विचारतो आणि ‘हू’ हाच वाक्यही जोडतो. ‘व्हेन’ म्हणजे केव्हा आणि ‘व्हेन’ म्हणजेच जेव्हा. आपल्या मुलाला पहिल्या धड्यात ‘हू म्हणजे कोण’ असे शिकवतात, पुढे चार-पाच वर्षे तो ‘कोण’ या अर्थानेच ‘हू’ला ओळखतो, आणि मग एके दिवशी अचानक ‘द मॅन हू केम येस्टर्डे’ हे त्याच्यापुढे येते. तो मनातल्या मनात ‘माणूस कोण काल आला’ असे भाषांतर करतो आणि गांगरतो. त्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावर ‘हू म्हणजे कोण, आणि हू म्हणजे जो’ एवढी एक ओळ लिहिली, तर अर्धी अडचण तिथेच सुटेल. मराठी मुलाजवळ दोन शब्द आहेत. इंग्रज मुलाजवळ एकच आहे. श्रीमंत घरातल्या मुलाला गरिबाघरचा हिशेब समजावून सांगावा लागतो, एवढीच काय ती गोष्ट.

दुसरा फरक जागेचा. मराठीत ‘जो’चे वाक्य बहुधा पुढे उभे राहते आणि मागून ‘तो’ येऊन दार लावतो. ‘जे पुस्तक तू दिलेस ते हरवले.’ इथे ‘जे’ने उघडलेली गाठ ‘ते’ने मारली नाही, तर वाक्य लोंबकळत राहते. इंग्रजीत नाम आधी येते, ‘व्हिच’चे वाक्य त्याच्या पाठीला चिकटते, आणि मग क्रियापद. गाठ मारायला वेगळा शब्द लागत नाही. ठेवला तर तो अडगळ होतो. म्हणून ‘व्हिच बुक यू गेव्ह मी, दॅट बुक इज लॉस्ट’ असे लिहिणारा मुलगा अडाणी नसतो. तो अस्सल मराठी वाक्य इंग्रजी कपड्यात उभे करत असतो. त्याला ‘चूक’ म्हणण्यापेक्षा ‘तुझा तो इथे घरी ठेवून ये’ असे सांगितले, तर त्याला ते आयुष्यभर लक्षात राहील. इंग्रजीतही ‘ही हू’ अशी जोडी जुन्या वळणाच्या म्हणींत अजून दिसते. पण तिथेही ‘ही’ आधी आणि ‘हू’ मागून, म्हणजे आपल्या उलट.

तिसरी चूक अधिक मजेदार आहे. ‘द हाऊस व्हिच वुई लिव्ह’ असे लिहून मुले शेवटचा ‘इन’ विसरतात. यावर नेहमी सांगितले जाते, की मराठीत ‘ज्या घरात’ असा प्रत्यय असतो, तोच इंग्रजीत ‘इन’ म्हणून ठेवायचा. हे खरे, परंतु मुलाच्या मनात मुळी ‘ज्या घरात आम्ही राहतो ते घर’ हे वाक्य नसतेच. त्याच्या मनात असते ‘आम्ही राहतो ते घर’. आपण रोज असेच बोलतो. ‘तू बसलास ती खुर्ची’, ‘बाबा जातात ती गाडी’, ‘मी शिकलो ती शाळा’. कुठे ‘वर’ गळला, कुठे ‘ने’ गळला, कुठे ‘त’ गळला. तरी अर्थाला धक्का लागला नाही. मराठी ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर विश्वास टाकते. इंग्रजी तो टाकत नाही. तिथे ‘इन’ हा शेवटी का होईना, हजर राहावाच लागतो. ‘द हाऊस वुई लिव्ह इन’ असे म्हटले तर ‘व्हिच’ गाळलेला चालतो, पण ‘इन’ गाळलेला चालत नाही. कोणाला रजा मिळते आणि कोणाला नाही, याचे नियम प्रत्येक कचेरीचे वेगळे असतात, तसेच हे.

आणि मराठीजवळ आणखी एक सोय आहे, जिच्याकडे इंग्रजी शिकवणारे ढुंकूनही पाहत नाहीत. ‘काल आलेला माणूस’, ‘मी वाचलेले पुस्तक’, ‘पहाटे पाणी येणारा नळ’. इथे ‘जो’ही नाही आणि ‘तो’ही नाही, सबंध वाक्य आकसून विशेषण झाले आहे. दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांत हीच रीत मुख्य आहे. उत्तरेकडून आलेली ‘जो–तो’ची जोडी आणि ही धातुसाधिते, दोन्ही मराठीने आपल्या संसारात सुखाने नांदवली. एक लांब वाक्य आणि एक आखूड वाक्य, असे दोन मार्ग हाताशी असलेली ही भाषा आहे. तिच्या मुलांना संबंधी वाक्य ‘अवघड’ म्हणून शिकवणे, म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची भीती घालणे होय.

*

आता गाभ्याकडे येऊ, आणि दिवाळीच आहे तर करंजीचेच उदाहरण घेऊ.

समजा, एका बाईने इंग्रजीत लिहिले: ‘द करंजीज व्हिच बर्स्ट वेअर गिव्हन टू द चिल्ड्रन.’ याचा अर्थ असा, की काही करंज्या कढईत फुटल्या, काही फुटल्या नाहीत. फुटलेल्या मुलांना दिल्या, धड राहिलेल्या डब्यात गेल्या. आता त्याच वाक्यात ‘करंजीज’नंतर एक आणि ‘बर्स्ट’नंतर एक, असे दोन स्वल्पविराम घाला. अर्थ उलटलाच! आता सगळ्याच करंज्या फुटल्या आणि सगळ्याच मुलांना दिल्या. डबा रिकामा. पाहुण्यांपुढे ठेवायला काही नाही. दोन टिंबांना शेपट्या फुटल्या आणि एका सुगरणीची अब्रू गेली.

पहिल्या प्रकाराला आपण निवडणारे वाक्य म्हणू आणि दुसऱ्याला भर घालणारे. पहिले गर्दीतून काहींना वेगळे काढते. ते काढून टाकले तर कोणाविषयी बोलतो आहोत हेच कळेनासे होते. दुसरे काढून टाकले तरी कोण, काय हे ठाऊकच असते. फक्त एक माहिती कमी होते. इंग्रजीत हा भेद लिहिताना स्वल्पविरामाने आणि बोलताना किंचित थांबण्याने दाखवतात.

मराठीत हा भेद कशाने दाखवतात? इथे आपली पुस्तके गप्प बसतात. उत्तर मात्र प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर आहे. ‘ज्या करंज्या फुटल्या त्या मुलांना दिल्या.’ हे ऐकून कोणालाही सगळ्या फुटल्या असे वाटणार नाही. वाक्याच्या आरंभी येणारा ‘जो’ आणि त्याला बांधलेला ‘तो’ यांचा स्वभावच निवडण्याचा आहे. भर घालायची असेल, तर मराठी माणूस सरळ दुसरे वाक्य करतो: ‘करंज्या सगळ्या फुटल्या, मग मुलांना देऊन टाकल्या.’

याची कसोटी पाहायची असेल, तर वडिलांवर प्रयोग करावा. ‘माझे वडील शिक्षक होते. ते रोज चालत शाळेत जात.’ हे ठीक. आता म्हणून पाहा: ‘जे माझे वडील शिक्षक होते ते रोज चालत शाळेत जात.’ ऐकणारा दचकेल आणि विचारील, की बाकीचे वडील काय करीत? इंग्रजीत ‘माय फादर’नंतर स्वल्पविराम न देता ‘हू वॉज अ टीचर’ लिहिले, तर नेमका हाच घोटाळा होतो. भावाच्या बाबतीत मात्र दोन्ही शक्य आहे. ‘माझा जो भाऊ अंबरनाथला असतो तो’ म्हटले, तर भाऊ एकाहून अधिक. इंग्रजीत स्वल्पविराम नको. ‘माझा भाऊ अंबरनाथला असतो, तो’ म्हटले, तर भाऊ एकच, निदान बोलण्यातला एकच, इंग्रजीत स्वल्पविराम हवा.

तेव्हा मराठी विद्यार्थ्यासाठी नियम असा करता येईल. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते मनात मराठीत ‘जो–तो’ लावून म्हणावे. बसले, तर स्वल्पविराम नको. हसू आले, तर स्वल्पविराम हवा. इंग्रज मुलाला हा नियम उपयोगी नाही, कारण त्याच्याजवळ ‘जो–तो’ नाही. आपल्याजवळ आहे.

‘दॅट’ आणि ‘व्हिच’ यांच्याविषयी आपल्याकडे काही शिक्षक फार कडक असतात. निवडायला ‘दॅट’ आणि भर घालायला ‘व्हिच’, अशी वाटणी व्हावी हे मत एच. डब्ल्यू. फाउलर या इंग्रज पंडिताने १९२६ साली निघालेल्या आपल्या प्रसिद्ध कोशात ठामपणे मांडले. पण बहुतेक लेखक, आणि चांगले लेखकही, ती वाटणी पाळत नाहीत, हे त्याने तिथेच मान्य केले. म्हणजे तो सल्ला होता, कायदा नव्हे. निवडणाऱ्या वाक्यात ‘व्हिच’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापणे अन्यायाचे आहे. भर घालणाऱ्या वाक्यात ‘दॅट’ लिहिले, तर मात्र कापायला हरकत नाही.

*

कल्याणच्या पलीकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची एक मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग होते, ते अजून ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. मुक्काम तात्पुरता असताना पडलेला हा शब्द, मुक्काम कायमचा झाला तरी पत्त्यावरून हलला नाही. पाचव्या कॅम्पाची शीव ओलांडली की अंबरनाथ लागते.

त्या बराकींत राहणाऱ्या माणसाला सरकारदरबारी काय म्हणायचे, याचे उत्तर १९५४ च्या विस्थापितांना नुकसानभरपाई व पुनर्वसन देणाऱ्या केंद्रीय कायद्याने दिले. कायदा इंग्रजीत होता. त्यातली व्याख्या मराठीत सांगायची, तर अशी: फाळणीने दोन राज्ये निर्माण झाल्यामुळे, अथवा दंगलींमुळे किंवा त्यांच्या भीतीमुळे, ज्या व्यक्तीने १ मार्च १९४७ नंतर पश्चिम पाकिस्तानात गेलेल्या भागातले आपले राहते ठिकाण सोडले, आणि जी त्यानंतर हिंदुस्थानात राहत आली आहे, ती विस्थापित.

या व्याख्येत दोन ‘हू’ आहेत आणि त्यांच्यामध्ये एक ‘अँड’ आहे. दुसरा ‘हू’ मुद्दाम पुन्हा लिहिलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने दुसरी अट स्वतंत्रपणे उभी केली. घर सोडले एवढे पुरे नाही. इथे राहत आले पाहिजे. कराची सोडून परदेशी पेढीवर कायमचा गेलेला व्यापारी पहिल्या ‘हू’तून आत येई आणि दुसऱ्या ‘हू’पाशी अडे. उलट, फाळणीच्या कितीतरी आधीपासून मुंबईत राहणारा, पण सिंधमध्ये घर असलेला माणूस पहिल्या ‘हू’पाशीच अडला असता, कारण त्याने १९४७ नंतर काही सोडले नव्हते. त्याच्यासाठी व्याख्येत तिसरे दार ठेवलेले होते: जो हिंदुस्थानात राहतो, आणि त्यामुळेच ज्याला तिकडच्या आपल्या मिळकतीची देखरेख करता येत नाही, तोही यात धरावा, आणि या सर्वांचे वारसही.

वाचकांपैकी ज्यांना व्याकरण म्हणजे निव्वळ काथ्याकूट वाटतो, त्यांनी ही व्याख्या पुन्हा एकदा वाचावी. कोणाला भरपाई आणि कोणाला नाही, कोणाचा दावा उभा राहतो आणि कोणाचा फेटाळला जातो, हे ठरवणारी सगळी शक्ती त्या संबंधी वाक्यांत साठवलेली आहे. ‘व्यक्ती’ या शब्दात काहीच नाही; व्यक्ती तर सगळेच. ‘हू’च्या पुढे जे आहे, ते सर्व काही.

इंग्रजी मुळात पहिल्या ‘हू’च्या आधी स्वल्पविराम नाही, नंतर आहे. नंतरचा स्वल्पविराम निरुपद्रवी: तो ‘यामुळे, त्यामुळे’ ही मधली कारणे बाजूला ठेवतो. आधी दिला असता तर निवड सैल झाली असती. आपल्या मुलांना ‘हूच्या आसपास स्वल्पविराम’ एवढेच आठवते; तो कोणत्या बाजूला, हे कुणी ठसवत नाही. उंबऱ्याच्या आत ठेवलेली पणती आणि बाहेर ठेवलेली पणती यांत फरक असतो.

तो कायदा २००५ साली रद्द झाला. परंतु जमिनीच्या सनदा, वारसांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे यांच्या रूपाने त्याच्या सावल्या अजून घराघरांतल्या कपाटांत आहेत. पुढे उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने २००६ साली खास कायदा केला. असल्या प्रत्येक कायद्यात हाच प्रश्न असतो: जे बांधकाम अमुक तारखेपूर्वीचे, जे अमुक जागेवर नाही, ते. घराचे भवितव्य ‘जे’ आणि ‘ते’ यांच्यामधल्या शब्दांत असते. तो कागद ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. आणि जो वाचून दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

या शहरात संबंधी वाक्य शिकवणे खरे तर सोपे जावे. वर्गात सिंधी, मराठी, हिंदी आणि गुजराती बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात, आणि चौघांच्याही घरात ही जोडी आहे. सिंधीत ‘जो’ किंवा ‘जेको’ आणि त्याला बांधलेला ‘सो’. हिंदीत ‘जो’ आणि ‘वह’. गुजरातीत ‘जे’ आणि ‘ते’. त्यामुळे इंग्रजीत चौघेही तीच चूक करतात, तोच जादा ‘ही’ लिहितात. चौघांचे दुखणे एक असेल, तर औषधही एकच पुरेल. ‘जेको’ला ‘हू’ म्हणा आणि ‘सो’ला सुट्टी द्या, एवढे सांगायला सिंधीचा पंडित व्हावे लागत नाही.

*

आता नाण्याची दुसरी बाजू. इंग्रजीत मराठी घुसते, तशी मराठीतही इंग्रजी घुसते, आणि ती अधिक बेमालूमपणे. ‘माझे वडील, जे शिक्षक होते, ते रोज चालत जात’; ‘उल्हासनगर, जे ठाणे जिल्ह्यात आहे, तेथे आज पाणी आले नाही’; आणि सर्वांवर कडी म्हणजे ‘जो की’, ‘जे की’. अशी वाक्ये वर्तमानपत्रांतून, जाहिरातींतून आणि अलीकडे यंत्राने केलेल्या भाषांतरांतून रोज डोळ्यांवर आदळतात. यंत्राला काय दोष द्यावा? त्याच्यापुढे जे मराठी ठेवले गेले, ते तो परत करतो.

या वाक्यांत दोष कोणता, हे वर पाहिलेच आहे. निवडण्यासाठी जन्मलेल्या ‘जो’ला इथे भर घालण्याच्या कामाला जुंपले आहे. ‘ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगरात आज पाणी आले नाही’ असे म्हटले, की पाणी आले नाही तरी निदान भाषा तरी ओली राहते. ‘शिक्षक असलेले माझे वडील’ किंवा नुसते ‘माझे वडील शिक्षक’ म्हणून पुढे जावे. मराठीला दोन लहान वाक्ये करण्याची लाज वाटत नाही. ती लाज इंग्रजी वाचणाऱ्यांना वाटू लागली आहे.

यावर काही शुद्धतावादी दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, की ‘जो–तो’ची वाक्ये मुळातच इंग्रजी अमदानीत बोकाळली, खरी मराठी म्हणजे ‘आलेला, गेलेला’. हे मत इतिहासाला धरून नाही. अंबरनाथचे शिवमंदिर ज्या शिलाहारांच्या काळातले, आणि ज्याचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे, त्याच राजघराण्यातील अपरादित्याचा ११८७ सालचा शिलालेख परळ येथे सापडला. त्या लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पण शेवटची शापवाणी मराठीत आहे, आणि तिचा आरंभच ‘जो कोणी हे शासन मोडील’ अशा आशयाच्या संबंधी वाक्याने होतो. इंग्रजांचे पाऊल या किनाऱ्यावर पडण्याच्या चार शतके आधी कोकणातल्या माणसाला धाक घालायचा होता, तेव्हा राजाला ‘जो’च आठवला. संस्कृत कळेना त्यालाही हा ‘जो’ कळेल, अशी खात्री असल्यावाचून हे घडले नसते. पुढे ज्ञानेश्वरीतल्या उपमा ‘जैसा–तैसा’च्या खांद्यावर चढून आल्या, आणि दासबोधात समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगितली ती याच साच्यात: आधी लक्षण, मग निवाडा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली व्याकरण लिहिले आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले, तेव्हा ‘जो’ हा पाहुणा नव्हता. घरचा कर्ता पुरुष होता.

आपल्या सरकारी मराठीची आपण नेहमी थट्टा करतो. पण तिचे एक काम इथे वाखाणले पाहिजे. इंग्रजी अधिसूचनांच्या आरंभी येणाऱ्या ‘व्हेअरअॅज’ला तिने ‘ज्याअर्थी’ केले आणि पुढे ‘त्याअर्थी’ आणून बसवले. ते भाषांतर करणाऱ्या कारकुनाला मराठीचा स्वभाव ठाऊक होता: ‘ज’ उघडला, की ‘त’ने मिटायचा. इंग्रजीचा अर्थ घेतला आणि बांधणी आपली ठेवली. शब्द जड आहे, हे कबूल. पण वाक्य तोल सांभाळून उभे आहे. ‘जो की’ लिहिणाऱ्या आजच्या शैलीदार लेखकाला हे जमलेले नाही.

म्हणून दोन्ही भाषांना एकच न्याय लावावा. इंग्रजी लिहिताना आपला ‘तो’ घरी ठेवावा आणि स्वल्पविरामाला जपावे. मराठी लिहिताना त्यांचा स्वल्पविराम त्यांच्याकडे राहू द्यावा आणि ‘जो’ला त्याच्या ‘तो’पासून तोडू नये. शाळांनी या प्रकरणाचा आरंभ ‘हू फॉर पर्सन्स’पासून न करता म्हणींपासून करावा. दहा म्हणी फळ्यावर लिहाव्यात, त्यांतले ‘ज’ आणि ‘त’ खडूने अधोरेखित करावेत, आणि मुलांनाच त्या इंग्रजीत सांगायला लावाव्यात. चुका होतील, हसू येईल. पण वर्षअखेर त्याच मुलांच्या हाती एखादे प्रतिज्ञापत्र दिले, तर त्यातला ‘हू’ कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगता येईल. कागदावर सही करण्यापूर्वी एवढे कळणे, हे इंग्रजी शिकल्याचे पुरेसे सार्थक आहे.